बाहेर जाणाऱ्या मेलला तळटीप जोडली की डीकिम मोडतंय (पोस्टफिक्स + अल्टरमाइम + ओपनडीकिम)

भोसरी_आयटी
नमस्कार मंडळी. डेबियन १२, मेल सर्व्हर पोस्टफिक्स, मेलवर डीकिमची डिजिटल सही करणारा ओपनडीकिम पोर्ट ८८९१ वर मिल्टर (पोस्टफिक्सला जोडलेला मेल तपासणारा प्रोग्राम) म्हणून. ऑफिस आणि सर्व्हर दोन्ही भोसरी एमआयडीसीत, स्टॅटिक आयपी, पीटीआर (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) बरोबर, एसपीएफ (डोमेनचा मेल कोणत्या आयपीवरून येऊ शकतो ही तपासणी) पास. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन, वेबसाइट असं मराठी आणि इंग्रजी दोन्हींत हवंय.

पोस्टफिक्सच्या मास्टर.सीएफ या सेटिंग फाइलीत सबमिशनच्या (वापरकर्ते लॉगिन करून मेल पाठवतात त्या सेवेच्या) ओळीखाली कंटेंट_फिल्टर लावून मेल एका शेल स्क्रिप्टकडे पाठवतो. स्क्रिप्ट अल्टरमाइम हा तळटीप जोडणारा प्रोग्राम चालवते आणि सेंडमेल कमांडने मेल परत रांगेत टाकते. लक्षणं अशी:

एक, जीमेलमध्ये 'मूळ मेसेज दाखवा' केलं की डीकिम फेल, कारण बॉडी हॅश जुळत नाही. तळटीप काढली की लगेच पास.
दोन, मराठी तळटीप काही मेलमध्ये नीट दिसते, काहींत चिन्हांचा कचरा, काहींत येतच नाही.
तीन, उत्तर-प्रत्युत्तरात तळटिपांची चळत लागते.

(सेटिंगची नावं विभागाच्या नियमाप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.)

टपालवाला
पहिलं लक्षण सरळ आहे, क्रम उलटा लागलाय. मेन.सीएफ या मुख्य सेटिंग फाइलीत एसएमटीपीडी_मिल्टर्स लिहिलंय ना? मग सबमिशनवर मेल आला की ओपनडीकिम तिथेच सही करतो. नंतर तो फिल्टरकडे जातो आणि अल्टरमाइम मजकूर बदलतो. लखोट्याला लाख लावून झाल्यावर आत चिठ्ठी सरकवण्यासारखं आहे हे. डीकिमच्या सहीत मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) असतो. एक अक्षर वाढलं तरी तो जुळणार नाही. कॅननिकलायझेशन (किरकोळ फरक माफ करण्याची सेटिंग) 'रिलॅक्स्ड' केलंत तरी फरक पडणार नाही. त्यात ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा, शब्दांमधल्या जादा स्पेस आणि शेवटच्या रिकाम्या ओळी एवढंच माफ असतं.

आता मेल फिल्टरमधून परत येतो कुठून? सेंडमेल कमांडने, म्हणजे पिकअप या सर्व्हरवरचेच मेल उचलणाऱ्या भागामार्गे. एसएमटीपीडी_मिल्टर्स त्या वाटेला लागूच होत नाहीत. तिथे नॉन_एसएमटीपीडी_मिल्टर्स लागतात आणि ते बहुधा तुमच्याकडे रिकामं आहे, म्हणून दुसरी सही होत नाही.

बदल:
– मास्टर.सीएफमध्ये सबमिशनखाली (आणि पोर्ट ४६५ वापरत असाल तर त्याखालीही) '-ओ एसएमटीपीडी_मिल्टर्स=' असं रिकामं लिहा. तिथली सही बंद.
– मेन.सीएफमध्ये नॉन_एसएमटीपीडी_मिल्टर्सला ओपनडीकिमचा पत्ता द्या. परत येणाऱ्या मेलवर सही सुरू.
– पोर्ट २५ ला हात लावू नका. आत येणाऱ्या मेलची डीकिम तपासणी तिथे चालू राहू दे.

पत्ता लिहिताना जपून. पोस्टफिक्समध्ये 'आयनेट:लोकलहोस्ट:८८९१' लिहितात, ओपनडीकिमच्या फाइलीत उलट, 'आयनेट:८८९१@लोकलहोस्ट'. एकातून दुसऱ्यात कॉपी-पेस्ट केलं की सॉकेट सापडत नाही.

कंटेंट_फिल्टर तुम्ही सबमिशनखाली ठेवलाय ते बरोबर. मेन.सीएफमध्ये टाकला असता तर पिकअपमार्गे परत आलेला मेलही पुन्हा फिल्टरकडे गेला असता आणि प्रत्येक फेरीला एक तळटीप आणि एक रिसीव्ह्ड हेडर वाढत, मूळ मर्यादा ५० हॉपची (टप्प्यांची) आहे ती ओलांडल्यावर मेल बाउन्स झाला असता.

भोसरी_आयटी
केलं. आता काही मेलवर सहीच नाही. लॉगमध्ये 'इंटर्नल नाही' आणि 'ऑथेंटिकेटेड नाही' असं येतंय.

खडकी_रूट
आधी सही का होत होती ते बघा, म्हणजे उलगडा होईल. सबमिशनवर वापरकर्ता पासवर्ड देऊन येतो, पोस्टफिक्स ते मिल्टरला कळवतो, ओपनडीकिम म्हणतो हा आपलाच आणि सही करतो. फिल्टरमधून फिरून आल्यावर लॉगिनची ती माहिती उरत नाही. आता ओपनडीकिमला दिसतं ते एवढंच की मेल १२७.०.०.१ वरून आला.

ओपनडीकिमच्या फाइलीत इंटर्नलहोस्ट्स (ज्यांच्या मेलवर सही करायची त्या आपल्या मशीनची यादी) लिहिलंच नसेल तर १२७.०.०.१ आपोआप धरला जातो. पण बहुतेक जण ट्रस्टेडहोस्ट्स नावाची फाइल देतात, आणि फाइल दिली की मूळची यादी रद्द. फाइलीत फक्त ऑफिसचं १९२.१६८ वालं नेटवर्क असेल तर लोकलहोस्ट परका ठरतो. ओपनडीकिम सही करण्याऐवजी तपासणी करत बसतो. फाइलीत १२७.०.०.१, ::१ आणि लोकलहोस्ट अशा तीन ओळी टाका.

आणखी दोन ठिकाणी नजर टाका. साइनिंगटेबलमध्ये (कोणत्या पत्त्यावर कोणत्या किल्लीने सही करायची त्या यादीत) तारांकन वापरलं असेल तर फाइलच्या वाटेआधी 'रीफाइल:' हवं. नुसतं 'फाइल:' असेल तर तारांकन हे साधं अक्षर धरलं जातं आणि कुठलाच पत्ता जुळत नाही. दुसरं, खाजगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असेल तर किल्ली सुरक्षित नाही म्हणून ओपनडीकिम ती नाकारतो. मालक ओपनडीकिम, परवानगी ६००. लॉगव्हाय ही सेटिंग चालू ठेवा, सही का झाली नाही याचं कारण लॉगमध्ये स्पष्ट येतं.

पेठेतला_पेंग्विन
एवढा खटाटोप कशाला? डीकिममध्ये 'एल' नावाचा टॅग असतो. मजकुराचे पहिले अमुक बाइट्सच सहीत धरा असं सांगता येतं. शेवटी तळटीप जोडली तरी सही टिकते.

मिल्टरताई
कृपया नको. 'एल' टॅग म्हणजे खाली कुणीही काहीही चिकटवावं याचा परवाना. तुमचा खरा मेल हाती लागला की त्याखाली बनावट बँक खाते क्रमांक जोडून पुढे पाठवता येतो आणि सही तुमचीच, पास. डीकिमचं मानक सांगणाऱ्या आरएफसी ६३७६ या दस्तऐवजातही या धोक्याचा इशारा आहे.

शिवाय त्याने काम होतही नाही. आजचे बहुतेक मेल मल्टिपार्ट असतात: एक साधा मजकूर, एक एचटीएमएल, वर अटॅचमेंट. तळटीप मेलच्या शेवटी नाही, पहिल्या दोन भागांच्या पोटात जाते. मधलेच बाइट्स बदलले की 'एल' असून नसून सारखाच.

पेठेतला_पेंग्विन
मान्य, ताई. पण मग एक सांगा, डीकिम फेल असूनही मेल इनबॉक्समध्ये पोचतोच आहे. बिघडलं कुठे?

टपालवाला
डीमार्क म्हणजे तपासणीत नापास मेलचं काय करायचं हे सांगणारं डोमेनचं धोरण. ते पास व्हायला एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक पास आणि डोमेनशी जुळलेलं पुरतं. सरळ पाठवलेल्या मेलला एसपीएफ वाचवतो, म्हणून हा दोष दिसत नाही. ग्राहकाने त्याच्या जुन्या पत्त्यावरून जीमेलवर फॉरवर्डिंग लावलं असेल, तर पाठवणारा आयपी बदलतो, एसपीएफ गेला आणि आधार फक्त डीकिमचा. तोही मोडका असेल आणि तुमचं डीमार्क धोरण 'रिजेक्ट' असेल तर मेल दारातच परत. तक्रार अशी येते की 'सगळ्यांना मेल मिळतो, फक्त अमक्यालाच नाही', आणि कारण शोधायला लोक स्पॅम फिल्टर चाचपत बसतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही सक्तीचे आहेत. तुमच्या ऑफिसचा आकडा तेवढा नसेल, पण मोडकी सही मिरवण्यात काहीच फायदा नाही.

भोसरी_आयटी
ट्रस्टेडहोस्ट्समध्ये लोकलहोस्ट नव्हताच. टाकल्यावर डीकिम पास. आता मराठीचं बघू.

मिल्टरताई
अल्टरमाइम तुमच्या फाइलीतले बाइट्स उचलून मजकुरात टाकतो. मेलचा कॅरेक्टरसेट (बाइट्सची अक्षरं कशी वाचायची तो तक्ता) कोणता हे बघून रूपांतर करत नाही. तुमची तळटीप यूटीएफ-८ मध्ये. मेलच्या भागावर यूटीएफ-८ लिहिलेलं असेल तर मराठी नीट दिसते. आउटलुकने शुद्ध इंग्रजी मेल यूएस-आस्की किंवा आयएसओ-८८५९-१ म्हणून पाठवला असेल तर तेच बाइट्स त्या चष्म्यातून वाचले जातात आणि कचरा दिसतो. आणि मूळ मेलच मराठीत असेल तर मेल प्रोग्राम तो भाग बरेचदा बेस६४ मध्ये (साध्या अक्षर-अंकांच्या सांकेतिक रूपात) पाठवतो. त्यात अल्टरमाइम आपणहून काही घालत नाही, फोर्स-इंटू-बी६४ हा पर्याय द्यावा लागतो. तुमच्या 'येतच नाही' चं उत्तर हेच असणार. गंमत बघा, मराठी मेललाच मराठी तळटीप लागत नाही!

सोपा आणि टिकाऊ उपाय: एचटीएमएल तळटिपेत मराठी अक्षरं थेट लिहूच नका. प्रत्येक अक्षर अंकरूपात लिहा, जसं 'म' साठी &#२३५०; (अंक अर्थात इंग्रजी). फाइल शुद्ध आस्की होते, मेलचा कॅरेक्टरसेट काहीही असो, ब्राउझर आणि मेल प्रोग्राम मराठीच दाखवतात. साध्या मजकुराच्या तळटिपेत ही युक्ती चालत नाही. तिथे फक्त इंग्रजी ठेवा. साधा भाग वाचणारे आता फार थोडे, त्यांना इंग्रजी पत्ता पुरेल.

हे पटत नसेल तर अल्टरमाइम सोडा आणि पायथनच्या ईमेल पॅकेजने स्वतः स्क्रिप्ट लिहा. मी तरी दोन भाषांच्या तळटिपेसाठी तेच सुचवेन.

खडकी_रूट
ताईंच्या मुद्द्याला जोडून, पायथनने करणार असाल तर या गोष्टी सांभाळा.

मेल बाइट्स म्हणून वाचा, पॉलिसी 'डिफॉल्ट' घ्या, पण त्यात रीफोल्ड_सोर्स 'नन' करा. नाहीतर पायथन लांब हेडर आपल्या मनाने पुन्हा मोडतो. गेट_बॉडीने आधी साधा आणि मग एचटीएमएल भाग वेगवेगळा मागा. तो अटॅचमेंटमध्ये शिरत नाही, त्यामुळे चुकून कोटेशनच्या टेक्स्ट फाइलला तळटीप लागायची भीती नाही. मिळालेल्या भागाचा मजकूर काढा, तळटीप जोडा, सेट_कंटेंटने परत ठेवा. कॅरेक्टरसेट यूटीएफ-८ आणि एन्कोडिंग बेस६४ असं स्पष्ट सांगा.

बेस६४ च का? देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स घेतं. कोटेड-प्रिंटेबल या दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये अशा प्रत्येक बाइटची ३ अक्षरं होतात, म्हणजे एका चिन्हाची ९. ओळ ७६ अक्षरांची, त्यात जेमतेम ८ चिन्हं बसतात. बेस६४ मध्ये ३ बाइट्सची ४ अक्षरं, ओळीत १९ चिन्हं. मराठीसाठी निम्म्याहून कमी जागा. इंग्रजी मजकुराला मात्र कोटेड-प्रिंटेबलच स्वस्त.

दोन्ही प्रकारांत मेल ७-बिट होतो, हा मोठा फायदा. मजकूर ८-बिट राहिला आणि समोरच्या सर्व्हरने ८बिटमाइम (८-बिट मजकूर घेण्याची तयारी) जाहीर केलं नाही, तर पोस्टफिक्स शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे सहीनंतर, तो कोटेड-प्रिंटेबलमध्ये बदलतो. सही पुन्हा मोडली, आणि तीही फक्त त्या एका सर्व्हरसाठी. असला दोष शोधायला जीव मेटाकुटीला येतो.

एचटीएमएलमध्ये तळटीप शेवटच्या बॉडी बंद टॅगच्या आधी घाला. टॅग नसेल तर शेवटी जोडा. टॅग मोठ्या लिपीत असू शकतो, शोध लहान-मोठं न बघता करा.

भोसरी_आयटी
चळतीचं काय करायचं? आपलं खास हेडर टाकून ओळखता येईल का?

टपालवाला
नाही. तुम्ही टाकलेलं हेडर समोरच्याच्या उत्तरात परत येत नाही. मजकुरातच खूण हवी, आणि ती तुमच्याकडे आयती आहे: सीआयएन. २१ अक्षर-अंकांचा, दुसऱ्या कुणाचा नसतो, मराठी-इंग्रजी दोन्ही तळटिपांत तसाच राहतो. मजकूर डिकोड करून त्यात सीआयएन सापडला तर तळटीप जोडू नका. कच्च्या फाइलीवर ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) करून चालणार नाही. बेस६४ मध्ये तो दिसणारच नाही आणि कोटेड-प्रिंटेबलमध्ये ओळ मधोमध तुटलेली असू शकते. एचटीएमएल तळटिपेत वर्ग किंवा आयडी देऊन ओळखायची कल्पना सोडून द्या, बरेच मेल प्रोग्राम ते बदलतात किंवा काढून टाकतात.

हिशोबनीस
मी तांत्रिक नाही, पण तळटिपेत काय हवं यावर बोलते. कंपनी कायदा २०१३, कलम १२(३)(सी): कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन, दूरध्वनी, असल्यास फॅक्स, ईमेल आणि वेबसाइट हे व्यावसायिक पत्रं, बिलं, लेटरहेड आणि सूचनांवर छापायचं. कलमात ईमेल 'पत्र' म्हणून वेगळा सांगितलेला नाही, पण व्यवसायाचा पत्रव्यवहार आता मेलवरच चालतो, म्हणून बरेच कंपनी सेक्रेटरी तसा आग्रह धरतात. कसूर झाल्यास दिवसाला १००० रुपये, कमाल १ लाख. सीआयएन प्रमाणपत्रावरून कॉपी करा. पुण्याच्या कंपन्यांच्या क्रमांकात राज्याच्या जागी 'पीएन' दिसतं, ते चुकीचं समजून 'एमएच' करू नका. 'हा मेल गोपनीय आहे, चुकून मिळाल्यास नष्ट करा' हा लांबलचक परिच्छेद मात्र कायद्याने मागितलेला नाही. तो गाळलात तर तळटीप चार ओळींत बसते.

त्या न्यायाने, उत्तराखालच्या जुन्या मजकुरात आधीची तळटीप असेल तर पुन्हा न जोडणं मला तरी चालण्यासारखं वाटतं. तुमच्या सेक्रेटरींना विचारून घ्या.

वाकड_क्लाउड
मायक्रोसॉफ्ट ३६५ वाल्यांसाठी: मेल फ्लो रूलमध्ये डिस्क्लेमर जोडता येतो, सर्व्हरची गरज नाही. मर्यादा ५००० अक्षरं, एचटीएमएल टॅग आणि स्टाइल धरून. ताईंची अंकरूपाची युक्ती इथे वापरलीत तर प्रत्येक चिन्हाला ७ अक्षरं खर्ची पडतात, गणित करून बघा. अपवादात 'विषय किंवा मजकुरात हे शब्द असतील तर' मध्ये सीआयएन टाका, चळत थांबते. फॉलबॅक कृती विचारतो: रॅप, इग्नोर, रिजेक्ट. रॅप निवडलं तर ज्या मेलमध्ये तळटीप घालता येत नाही तो मूळ मेल अटॅचमेंट होऊन जातो आणि ग्राहक गोंधळतात. इग्नोर बरं.

आणि ज्यांचा पोस्टफिक्स सही करून गूगल वर्कस्पेसच्या रिलेमार्फत मेल पाठवतो त्यांनी वर्कस्पेसमधली 'फूटर जोडा' सेटिंग बंद ठेवा. नाहीतर हाच दोष, फक्त दुसऱ्याच्या सर्व्हरवर.

खडकी_रूट
सहीनंतर मेलला हात लावणारी घरातलीच आणखी एक जागा: एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स. आतला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलायला बरेच जण वापरतात. तो बदल पोस्टफिक्सचा एसएमटीपी क्लायंट करतो, म्हणजे अगदी दाराबाहेर पडताना. फ्रॉम हेडर सहीत असतंच, तो बदलला की डीकिम गेलं. त्याऐवजी सेंडर_कॅननिकल_मॅप्स वापरा, ते क्लीनअपमध्ये (मेल रांगेत टाकण्याआधी नीट करणाऱ्या भागात) सहीच्या आधी चालतात. आतले आयपी दाखवणारी रिसीव्ह्ड हेडरं काढायची असतील तर हेडर_चेक्समध्ये इग्नोर द्या, तेही सहीच्या आधी होतं.

अमाविस हा मेल तपासणारा फिल्टर आधीच वापरत असाल तर हे सगळं एका जागी जमतं. तो तळटीप आधी जोडतो आणि सही नंतर स्वतःच करतो. बाहेर जाणाऱ्या मेलच्या पॉलिसी बँकेत डिस्क्लेमरची परवानगी द्यायची. मात्र तळटीप जोडायला तोही अल्टरमाइमच बोलावतो, म्हणजे मराठीचा त्रास तोच. नुसत्या तळटिपेसाठी अमाविस बसवणं जड आहे.

मिल्टरताई
कुठल्या मेलला हात लावायचा नाही, ही यादी स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीला असू द्या:
– मल्टिपार्ट/साइन्ड, मल्टिपार्ट/एन्क्रिप्टेड, पीकेसीएस७-माइम. डिजिटल सहीचे मेल. तळटीप लावली की समोरच्याला 'मेलमध्ये फेरफार झाला' असा इशारा दिसतो. निविदेचे मेल असे जात असतील तर फारच महागात पडेल.
– मल्टिपार्ट/रिपोर्ट. वाचल्याच्या पावत्या आणि बाउन्स.
– टेक्स्ट/कॅलेंडर असलेली मीटिंगची आमंत्रणं. काही कॅलेंडर प्रोग्राम बदललेलं आमंत्रण ओळखत नाहीत.

वाचल्याच्या पावतीचा पाठवणारा रिकामा असतो. मास्टर.सीएफमध्ये मेल स्क्रिप्टकडे देणाऱ्या पाइप सेवेच्या ओळीत 'नल_सेंडर=' असं रिकामं लिहिलं नाही तर पोस्टफिक्स तिथे मेलर-डीमन भरून देतो आणि पावती त्या नावाने बाहेर पडते.

टपालवाला
शेल स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी तपासा. सेंडमेलला '-जी -आय' दोन्ही पर्याय दिलेत का? '-आय' नसेल तर ज्या मेलमध्ये एका ओळीत फक्त एक टिंब आहे तो तिथेच संपला असं धरलं जातं आणि पुढचा मजकूर गडप. दुसरं, नमुना स्क्रिप्टमध्ये फिल्टर फसला की ६९ कोडने बाहेर पडतात. म्हणजे मेल लगेच बाउन्स. ते ७५ करा. मेल रांगेत राहतो, तुम्ही स्क्रिप्ट दुरुस्त केलीत की जातो. रांगेची मूळ मुदत ५ दिवस.

त्याच कारणाने मिल्टर_डिफॉल्ट_ॲक्शन 'टेम्पफेल' (तात्पुरता नकार) ठेवा. बऱ्याच मार्गदर्शिकांत 'ॲक्सेप्ट' लिहिलेलं असतं. ओपनडीकिम बंद पडला की विनासही मेल गुपचूप जात राहतात आणि कुणाला कळतही नाही.

भोसरी_आयटी
पायथनची स्क्रिप्ट तयार केली. थेट सबमिशनवर लावायची भीती वाटते. एकाच पत्त्यासाठी चालू करता येईल?

खडकी_रूट
सेंडर ॲक्सेसमध्ये 'फिल्टर' कृती देऊन जमतं, पण तेव्हा सबमिशनवर जुनी सही चालू ठेवावी लागेल. एक मोडकी आणि एक धड अशा दोन सह्या जातील. डीमार्क पास होईल, तरी निकाल वाचताना गोंधळ. त्यापेक्षा मास्टर.सीएफमध्ये सबमिशनची नक्कल करून २५८७ सारख्या वेगळ्या पोर्टवर नवी सेटिंग लावा, फायरवॉलमध्ये तो फक्त ऑफिसच्या आतून उघडा. स्वॅक्स या चाचणी मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामने त्या पोर्टवर पाठवा: शुद्ध इंग्रजी, शुद्ध मराठी, पीडीएफ जोडलेला, आउटलुकचं आमंत्रण, एकाच टिंबाच्या ओळीचा, आणि ६० जणांना एकदम. शेवटचा यासाठी की पाइप एका वेळी ५० पत्तेच घेतो. मेलच्या दोन प्रती होऊन दोन रांग क्रमांक दिसतील, ते बिघडलेलं नव्हे.

सगळं ठीक वाटलं की त्याच ओळी सबमिशनखाली हलवा आणि पोस्टफिक्स रीलोड. गुरुवारी करा, एमआयडीसीला सुट्टी असते.

भोसरी_आयटी
२५८७ वर सगळे प्रकार पाठवून पाहिले, डीकिम पास, मराठी सगळीकडे नीट. एकच प्रश्न उरलाय: ऑफिसमधल्या ऑफिसमध्ये जाणाऱ्या मेलला तळटीप नको असेल तर?

टपालवाला
मेल फक्त आतल्यांना असेल तर स्क्रिप्टला मिळणारे पत्ते बघून सोडून देता येतो. एकाच मेलमध्ये आतले आणि बाहेरचे दोघं असले तर निवड नाही. कंटेंट_फिल्टर पूर्ण मेलला लागतो, एकेका पत्त्याला नाही. मेल तोडून दोन करायचे म्हणजे दुसरा पोस्टफिक्स उभा करा आणि तिथून फक्त बाहेरचे मेल जाऊ द्या. चार ओळींच्या पत्त्यासाठी मी ते करणार नाही, आतल्यांनाही दिसू दे.